गेलेल्या माणसाचा दुर्गुण

चित्रपटात नायकाची बायको मेलेली असणं ही पटकथाकाराची मोठी सोय असते. घटस्फोट दाखवला की चूक कुणाची ते ठरवावं लागतं. लफडं दाखवलं की प्रेक्षक नाराज होतो. विधुराचं तसं नाही. तो मोकळा असतो, एकनिष्ठही ठरतो, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांना आपोआप कणव वाटते. भिंतीवर एक हसरा फोटो लावला की काम झालं. मग दुसरीकडून अशीच एखादी दुखावलेली बाई आणायची, पावसात किंवा आगगाडीत दोघांची गाठ घालून द्यायची आणि दोन तासांत दोघांनाही बरं करून घरी पाठवायचं. 'स्लीपलेस इन सिॲटल' (१९९३) हा या साच्यातला सगळ्यात लोभस नमुना. टॉम हँक्सचा विधुर रेडिओवर आपलं दुःख सांगतो, देशाच्या दुसऱ्या टोकाला मेग रायन ते ऐकते, आणि दोघं धड समोरासमोर येतात ती अगदी शेवटी, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर. चित्रपट गोड आहे. पण त्यातली मेलेली बायको इतकी निर्दोष आहे की तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरतच नाही.

दुखावलेली दोन परकी माणसं आणि त्यांच्यातलं प्रेम हा विषय जगभरच्या सिनेमाने पुन्हा पुन्हा हाताळला आहे. त्यातले खरे कुठले आणि नुसते हळवे कुठले हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. गेलेल्या माणसाला त्यात एखादा दुर्गुण आहे का? निदान त्याच्याबद्दल असं काही आहे का, जे घरच्यांसमोर बोलता येत नाही? परका माणूस लागतो तो त्यासाठीच. घरच्यांना गेलेल्याबद्दल चांगलंच ऐकायचं असतं. दहाव्या-तेराव्याला जमलेल्या माणसांत 'तो तसा तिरसटच होता हो' असं कुणी म्हणून पाहावं. ज्याने त्या माणसाला कधी पाहिलंच नाही, त्याच्यापाशीच मोकळं होता येतं. प्रेम जमलं तर त्यानंतर जमतं.

ही गोष्ट पहिल्यांदा पूर्ण धिटाईने मांडली ती आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाने, 'हिरोशिमा मोनामूर' (१९५९) मध्ये. नाझी छळछावण्यांवरचा त्याचा माहितीपट गाजला होता, म्हणून अणुबॉम्बवर तसाच माहितीपट कर असं त्याला सांगण्यात आलं. ते आपल्याला जमणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मार्गरित द्युरास या कादंबरीकार बाईंकडून कथा लिहून घेतली. शांततेवरच्या चित्रपटात काम करायला हिरोशिमात आलेली एक फ्रेंच नटी आणि एक जपानी वास्तुरचनाकार यांची ती गोष्ट. दोघंही विवाहित. दोघांनाही चित्रपटभर नावं नाहीत. त्याचे घरचे बॉम्बच्या दिवशी हिरोशिमात होते, तो स्वतः सैन्यात असल्यामुळे वाचला. तिचं दुःख मात्र सांगायच्या लायकीचंच नाही. महायुद्धाच्या काळात, नेव्हेर या आपल्या गावी, ती एका जर्मन सैनिकाच्या प्रेमात पडली होती. गाव मुक्त होण्याच्या तोंडावर त्याला कुणीतरी गोळी घातली. मग गावाने तिचे केस कापले, आईवडिलांनी तिला तळघरात कोंडलं. शत्रूसाठी रडायचा हक्क तिला कुणी देणार नव्हतं.

हे ती चौदा वर्षांनी त्या जपानी माणसाला एका चहाघरात, बिअरचे घोट घेत सांगते. सांगता सांगता ती त्यालाच तो मेलेला जर्मन समजून बोलायला लागते आणि तोही तिला अडवत नाही. मग तो विचारतो, नवऱ्याला हे माहीत आहे का? नाही. म्हणजे हे फक्त मलाच माहीत? हो. आणि तो माणूस आनंदाने अक्षरशः फुलून जातो. प्रेमाच्या चित्रपटांत मला याच्याइतकं खरं काही क्वचितच दिसलं आहे. तिच्या शरीरापेक्षा, सहवासापेक्षा, तिचं हे एक गुपित आपल्याला मिळालं याचा त्याला जास्त अभिमान वाटतो. आणि तिचं काय होतं? ती हॉटेलवर परत जाते, आरशासमोर उभी राहते आणि तिला वाटतं की आज आपण त्या जर्मनाला दगा दिला. सांगून टाकल्यामुळे तो आता विसरला जाणार. दुःख हलकं झालं की त्याचाही एक अपराधभाव असतो, हे सांगायला बहुतेक चित्रपटांना वेळच नसतो. (त्या जपानी माणसाची भूमिका करणाऱ्या एजी ओकादाला फ्रेंच येत नव्हतं, त्याने सगळे संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले होते. तरीही, की म्हणूनच, तो इतका उत्तम ऐकणारा वाटतो.)

त्यानंतर सात वर्षांनी क्लोद लेलुशने 'एक पुरुष आणि एक स्त्री' (१९६६) केला आणि हाच विषय लोकप्रिय करून दाखवला. तेव्हा तो तिशीतही नव्हता. आनुक एमे विधवा, जाँ-लुई त्रँतिन्याँ विधुर. दोघांची मुलं दोव्हिल या समुद्रकाठच्या गावातल्या वसतिशाळेत. रविवारी मुलांना भेटून निघताना तिची गाडी चुकते आणि तो तिला मोटारीतून पॅरिसला सोडतो. तो शर्यतीत मोटारी चालवणारा, त्याच्या अपघातानंतर बायकोने आत्महत्या केलेली. तिचा नवरा चित्रपटांत जोखमीची कामं करताना गेलेला. पैसे अपुरे पडल्याने लेलुशने चित्रपटाचा काही भाग रंगीत आणि काही कृष्णधवल घेतला. परिणाम असा की तिचा गेलेला नवरा झगझगीत रंगांत दिसतो आणि तिचं आजचं आयुष्य फिकं. तो नवरा गाणारा, हसवणारा, सगळ्या बाबतीत सरस. म्हणजे माझ्या कसोटीवर हा चित्रपट नापास व्हायला हवा. पण लेलुश हुशार आहे. नवऱ्याचं हे निर्दोष असणं हीच त्याने अडचण केली आहे. दोघं अखेर एकत्र येतात त्या रात्री तिला पलंगावर नवराच आठवत राहतो. तो मेला आहे ना, असं त्रँतिन्याँ म्हणतो, तेव्हा माझ्यासाठी अजून नाही, अशा अर्थाचं ती उत्तर देते आणि एकटीच आगगाडीने निघते. पुढचा स्टेशनवरचा शेवट गोड आहे आणि त्या गोडव्यानेच चित्रपटाला कान आणि ऑस्कर मिळवून दिलं असावं. जाता जाता सांगायची गंमत म्हणजे पडद्यावर तिचा मेलेला नवरा झालेला पिएर बारू याच्याशी आनुक एमेने त्याच वर्षी खरोखर लग्न केलं.

दुर्गुणी मृताचं सगळ्यात थेट उदाहरण किश्लोवस्कीच्या 'थ्री कलर्स: ब्लू' (१९९३) मध्ये आहे. अपघातात नवरा आणि मुलगी गमावलेली ज्युली सगळं विकायला काढून, कुणाशी नातं न ठेवता जगायला निघते. मग तिला कळतं की नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी प्रकरण होतं आणि त्या बाईच्या पोटात त्याचं मूल आहे. ज्युली तिला शोधून काढते आणि पूर्वीचं राहतं घर देऊन टाकते. दुसऱ्या प्रेमाला वाट मोकळी होते ती त्यानंतरच. वाँग कार-वायच्या 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मध्ये तर कुणी मेलेलंच नाही. १९६२च्या हाँगकाँगमध्ये शेजारशेजारी खोल्या घेऊन राहणाऱ्या दोघांना कळतं की आपले जोडीदार एकमेकांत गुंतले आहेत. ते ताडताना ही दोघं एकमेकांचे नवरा-बायको बनून तालमी करतात. पडद्यावर त्या जोडीदारांचे चेहरे कधी दिसत नाहीत. गैरहजर माणसाला इतकी जागा देणारा दुसरा चित्रपट शोधावा लागेल.

या परंपरेतला एक चित्रपट मात्र मला आता पूर्वीसारखा पाहवत नाही. बेर्तोलुच्चीचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२). बायकोने आत्महत्या केलेला, पंचेचाळीशीचा अमेरिकन माणूस रिकाम्या घरात एका अनोळखी मुलीला भेटत राहतो. नाव सांगायचं नाही, मागचं बोलायचं नाही, ही त्याची अट. बायकोच्या प्रेताशेजारी बसून मार्लन ब्रँडो तिला शिव्या घालत रडतो तो प्रसंग थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मारिया श्नायडर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चित्रपटातल्या बलात्काराच्या कुप्रसिद्ध प्रसंगात काय होणार हे तिला आधी पूर्ण सांगितलं नव्हतं; आपला त्यात अपमान झाला असं ती पुढे बोलली आणि त्यात लोणी वापरायचं ठरलं होतं हे तिच्यापासून लपवल्याचं दिग्दर्शकानेही २०१३ मध्ये कबूल केलं. जखमी पुरुषाच्या सांत्वनासाठी एका मुलीला खरी जखम करायची, हा सौदा पडद्यावरच्या कथेतही आहे आणि पडद्यामागेही झाला. कलेच्या नावाने तो माफ करावा असं मला वाटत नाही. या प्रकारच्या चित्रपटांकडे बघताना दुसरा एक प्रश्न विचारायला हवा तो इथूनच सुचतो: एकाला बरं करायची किंमत दुसरं कुणी मोजतंय का?

हॉलिवूडने पुढे यावर झटपट इलाज काढले. 'मॉन्स्टर्स बॉल' (२००१) मध्ये ज्या तुरुंग-रक्षकाने एका कैद्याला देहदंडापर्यंत नेलं त्याच्याच जवळ त्या कैद्याची बायको येते. कल्पना भयंकर आहे, पण तिच्याकडे तोंड द्यायचं चित्रपटाला धाडस होत नाही. 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक' (२०१२) करमणूक छान करतो आणि नाचाच्या स्पर्धेत सगळं निभावून नेतो. फिनलंडच्या आकी कौरिस्माकीचा 'फॉलन लीव्ह्ज' (२०२३) कमी बोलतो, कमी रडतो आणि या दोघांपेक्षा खरा वाटतो.

जपानकडे पुन्हा यायला हवं. कोरे-एदाचा पहिला कथापट 'माबोरोशी' (१९९५) मराठी प्रेक्षकाला चटकन कळेल, कारण त्यात परकी माणसं एकत्र येतात ती ठरवून केलेल्या लग्नात. युमिकोचा नवरा एका रात्री रेल्वेरुळांवरून चालत जातो आणि गाडीखाली सापडतो. घरात तीन महिन्यांचं मूल. कारण काहीच नाही. काही वर्षांनी ती नोतो किनाऱ्यावरच्या एका विधुराशी लग्न करून जाते. माणूस भला आहे, त्याची लहान मुलगी आहे, संसार चालतो. पण 'तो का मेला?' हा प्रश्न ती दुसऱ्या नवऱ्याला विचारते तेव्हा त्याच्याकडे शहाणं उत्तर नाही. वडील समुद्रावर असताना दूर एक प्रकाश बोलवायचा म्हणतात, असं काहीतरी तो सांगतो. माणसाला असं कधी बोलावणं येत असेल, इतकंच. या उत्तराने तिचं समाधान होतं की नाही कळत नाही, पण तो प्रश्न तिला त्याच्यासमोर मोठ्याने विचारता येतो, आणि तो ऐकून घेतो.

आणि मग 'ड्राइव्ह माय कार' (२०२१). हारुकी मुराकामीच्या कथेवरून र्‍यूसुके हामागुचीने केलेला हा तीन तासांचा चित्रपट पुन्हा हिरोशिमातच घडतो. खरं तर चित्रीकरण कोरियातल्या बुसानला व्हायचं होतं. कोविडमुळे ते हिरोशिमाला आलं. काफुकू हा नट-दिग्दर्शक. त्याची बायको ओतो टीव्ही मालिका लिहिते, त्याच्यावर प्रेम करते आणि इतर पुरुषांबरोबरही झोपते. हे त्याला माहीत आहे. तिला ते माहीत आहे का, ते त्याला माहीत नाही. एके दिवशी ती म्हणते, रात्री जरा बोलायचंय. तो मुद्दाम उशिरा घरी येतो आणि ती मेलेली सापडते. इतकं झाल्यावर, जवळजवळ चाळीस मिनिटांनी, पडद्यावर श्रेयनामावली येते. दोन वर्षांनी तो चेकॉव्हचं 'अंकल वान्या' बसवायला हिरोशिमात येतो तेव्हा आयोजक त्याच्या लाल साब गाडीवर चालक म्हणून मिसाकी या तेवीस वर्षांच्या मुलीला नेमतात. गाडीत कॅसेटवर मेलेल्या बायकोच्या आवाजात नाटकाचे संवाद चालू असतात. मिसाकी गप्प गाडी चालवते. तिची आई दरड कोसळून घराखाली गाडली गेली. मिसाकी बाहेर पडली आणि आईला काढायला परत गेली नाही. ती आई तिला मारायची.

इथे प्रेम म्हणजे चुंबन नाही, लग्नाचा तर प्रश्नच नाही. काफुकूची लहानपणीच गेलेली मुलगी आज असती तर मिसाकीच्याच वयाची असती. दोघं गाडीच्या छतातून सिगारेट धरलेले हात बाहेर काढून बसतात, एवढीच काय ती जवळीक. अखेर होक्काइदोच्या बर्फात, त्या गाडल्या गेलेल्या घरापाशी उभा राहून काफुकू म्हणतो की मला बायकोवर रागवायचं होतं, ते मी केलं नाही. दोन्ही मृतांना इथे दुर्गुण आहेत आणि ते बोलून दाखवल्यावरच त्यांच्यासाठी रडता येतं. या विषयावरच्या सगळ्या चित्रपटांत मी याला पहिला क्रमांक देईन.

आपल्याकडे या गोष्टीत एक मूलभूत अडचण आहे. परका माणूस परका राहतच नाही. नाव विचारलं की आडनाव, आडनावावरून गाव, गावावरून जात. शिवाय बाई विधवा असेल तर तिचं दुःख तिच्या एकटीचं नसतं. सासरचं, माहेरचं, सगळ्या गावाचं असतं. 'शोले' (१९७५) मध्ये ठाकूर आपल्या विधवा सुनेसाठी जयचं स्थळ घेऊन तिच्या वडिलांकडे जातो, ते तयारही होतात, आणि मग पटकथा जयला मारून सगळ्यांची सुटका करते. हिंदी पडद्याने विधवेला प्रेम करायची परवानगी दिली. ते निभवायची मात्र फारशी दिली नाही.

म्हणून हिंदीत ही गोष्ट आधी रुग्णालयात आली. असित सेनचा 'खामोशी' (१९६९) हा त्याच्याच 'दीप ज्वेले जाइ' (१९५९) या बंगाली चित्रपटाचा नवा अवतार. कथा आशुतोष मुखर्जींची. प्रेमभंगाने वेडावलेल्या रुग्णाला प्रेमाचं नाटक करून बरं करायचं, हा डॉक्टरचा प्रयोग आणि ते नाटक करायची नोकरी नर्स राधाची. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो, राधा मात्र नाटक करता करता खरंच गुंतलेली असते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती कोसळते आणि तिच्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल होते. वैद्यकशास्त्र म्हणून हे सगळं हास्यास्पद आहे. पण किंमत कोण मोजतंय हा प्रश्न एखाद्या व्यावसायिक हिंदी चित्रपटाने इतका उघड विचारावा याचं मला अजून आश्चर्य वाटतं. वहिदा रहमानचा चेहरा तो विचारतो.

सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मध्ये (१९८०) हा प्रश्न उलट्या बाजूने येतो आणि जास्त टोकदार होतो. अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) अंधशाळेचा मुख्याध्यापक, स्वतः अंध. कविता (शबाना आझमी) तरुण विधवा, घरात कोंडून घेतलेली. डॉक्टरचं घर शोधताना तिच्या गाण्याचा आवाज ऐकून तो चुकून तिच्या दाराशी येतो. ती शाळेत मुलांना शिकवायला जायला लागते, दोघांचं जमतं, साखरपुडा होतो, आणि तो लग्न मोडतो. का? तिचं हे प्रेम आहे की पुण्यकर्म, ही शंका त्याला सोडत नाही. आपण तिच्या दुःखावरचं औषध आहोत, तिला आयुष्य वाहून टाकायला एक जागा हवी आहे आणि ती जागा म्हणजे मी, असं त्याला वाटतं. अपंगांबद्दलच्या हिंदी चित्रपटांत नायक इतका आढ्यताखोर, चिडका आणि म्हणून माणूस वाटेल असा क्वचितच असतो. दिल्लीच्या खऱ्या अंधशाळेत, तिथल्याच मुलांना घेऊन चित्रीकरण झालं, त्यामुळे शाळेतल्या प्रसंगांना दया येण्याची मुभाच राहत नाही. मुलं दंगा करतात, चहाड्या सांगतात, भांडतात. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, नसीरला अभिनयाचा आणि सईबाईंना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी एकच तक्रार आहे. कविताचा नवरा कसा होता, हे आपल्याला जवळजवळ कळत नाही. अनिरुद्धला सगळे दुर्गुण मिळाले. गेलेला माणूस मात्र फोटोतच राहिला.

'द लंचबॉक्स'ने (२०१३) ही उणीव भरून काढली. रितेश बत्राच्या या चित्रपटात मुंबईच्या डबेवाल्याकडून चुकीच्या जागी पोचलेला डबा निवृत्तीला आलेला विधुर साजन फर्नांडिस आणि नवऱ्याने दुर्लक्षिलेली इला यांना चिठ्ठ्यांनी जोडतो. साजनला बायको आठवते ती कशी? टीव्हीवरचे जुने विनोदी कार्यक्रम ती रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा बघायची आणि त्याच विनोदांना हसायची. तो बाहेर सायकल दुरुस्त करत असायचा आणि काचेत तिचं हसणं दिसायचं. आत जाऊन तिच्याबरोबर बसलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला आता वाटतं. हा दुर्गुण मेलेल्या बायकोचा नाही, त्याचा आहे. पण तो एका अनोळखी बाईलाच लिहिता येतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू (भारती आचरेकर यांचा नुसता आवाज, चेहरा कधीच नाही) वर्षानुवर्षं बेशुद्ध नवऱ्याची सेवा करतात आणि तो पंख्याकडे बघत पडून राहतो म्हणून पंखा थांबवत नाहीत. आणि इलाचे वडील वारतात तेव्हा तिची आई, प्रेत घरात असताना, मला भूक लागली आहे म्हणते आणि आजारपणात त्यांची किळस यायची हेही सांगून टाकते. असं वाक्य हिंदी चित्रपटात कुठल्या बाईच्या तोंडी आलं होतं? साजन-इला भेटतात की नाही हे चित्रपट सांगत नाही. डबेवाल्यांच्या भजनावर सोडून देतो. ते मला पुरेसं वाटलं. अनेकांना चुटपुट लागली.

नीरज घेवानच्या 'मसान'मध्ये (२०१५) तर दोघं परकी माणसं शेवटच्या दृश्यातच भेटतात. देवीचा मित्र पोलिसांच्या छाप्यानंतर आत्महत्या करतो आणि सगळं शहर दोष तिला देतं. दीपक डोम समाजातला. मसणघाटावर प्रेतं जाळणाऱ्या घरचा. अपघातात गेलेल्यांची प्रेतं जाळताना त्याला अंगठीवरून कळतं की समोरची मुलगी शालू आहे, आपली. ती वरच्या जातीची, त्यामुळे तिच्या घरच्यांसमोर आक्रोश करायचाही त्याला अधिकार नाही. नेव्हेरच्या त्या फ्रेंच मुलीइतकंच हे दुःख बेकायदा आहे. अलाहाबादला संगमावर दीपक देवीला पाणी देतो, दोघं एका नावेत बसतात आणि बोलायला लागतात. पुढे प्रेम होईल का? होईलही. चित्रपट बरोबर जागी थांबतो.

मराठीचा हिशेब मांडला तर सुरुवात लवकर झाली होती. प्रभातच्या 'माणूस'मध्ये (१९३९) शांतारामबापूंनी पोलीस शिपाई गणपत आणि कोठ्यावरची मैना यांना एकत्र आणलं. त्याच्या सोवळ्या घरात आपल्याला जागा नाही हे मैनाला कळतं, तिच्या हातून तिच्या जिवावर जगणाऱ्याचा खून होतो आणि गणपत दारूत बुडून न जाता पुन्हा कामावर उभा राहतो. त्या काळच्या 'देवदास' छापाच्या रडारडीला ते चोख उत्तर होतं. पण नंतर? धोंडो केशव कर्वे या विधुराने १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, ते ज्या समाजात घडलं त्याच समाजाच्या सिनेमाने विधवेकडे सुधारणेचा विषय म्हणून किंवा सोशीक आई म्हणून पाहिलं. तिला पुन्हा कुणी आवडू शकतं, हे त्याच्या फारसं मनावर आलं नाही.

म्हणून राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) महत्त्वाचा. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. केसांत जट आली म्हणून सुलीला यल्लम्माला सोडलेलं. तायप्पाला लुगडं नेसवून जोगता केलेलं. इथे गमावलेलं माणूस दुसरं कुणी नाही, ती दोघंच आहेत. तिची बाई आणि त्याचा पुरुष समाजाने जिवंतपणी मारलेला. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी ते जे केलं आहे त्याला तोड नाही. लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. गाण्यांच्या लोकप्रियतेत चित्रपटाचा हा गाभा थोडा झाकला गेला, असं मला नेहमी वाटतं.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ने प्रेमाचा अर्थच बदलला. जानकी (इरावती हर्षे) घटस्फोट घेऊन अमेरिकेहून परतलेली, स्वतः नैराश्यातून वर येऊ पाहणारी. आत्महत्येचा प्रयत्न करून पळालेला एक मुलगा (आलोक राजवाडे) तिला रस्त्यात आजारी सापडतो आणि ती त्याला कोकणातल्या घरी घेऊन येते. ती त्याला काही विचारत नाही. कोण, कुठला, का, काहीच नाही. शेजारी किनाऱ्यावर दत्ताभाऊ कासवांची अंडी राखत असतात. ती भूमिका करणारे आणि चित्रपटाचे निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, त्यामुळे 'खामोशी'तल्यासारखा उपचाराचा बाष्कळपणा इथे कुठेच नाही. कासवाचं रूपक जरा जास्त वेळा समजावलं जातं, हे खरं. तरी न विचारणं हेही प्रेमाचं एक रूप आहे, हे मराठी पडद्यावर इतकं नेमकं दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस' (२०२३) हिंदीत असला तरी वेंगुर्ल्यात घडतो आणि त्यात उलटं होतं: स्मृतिभ्रंश सुरू झालेली शैलजा विसरायच्या आत जुन्या गावी, जुन्या मित्राकडे जाते, नवऱ्याला बरोबर घेऊन. तिघंही एकमेकांशी इतकी सभ्य वागतात की एखाद्याने तरी चिडायला हवं होतं असं वाटून जातं.

तेव्हा मराठीत मला अजून दिसलेला नाही तो चित्रपट असा: पन्नाशीची बाई, साठीचा पुरुष, सांगली किंवा डोंबिवली, दोघांच्याही घरात हार घातलेला एकेक फोटो, आणि रोग-देवी-समाजसुधारणा यांतलं काहीही मध्ये नाही. अशी माणसं आपल्या भोवती आहेत. वधूवर सूचक मंडळांत त्यांच्यासाठी वेगळे मेळावेही भरतात. कुणी पटकथा लिहायला घेणार असेल तर एकच विनंती. त्या फोटोतल्या माणसाला एखादा ठसठशीत दुर्गुण द्या, आणि तो पहिल्यांदा घरच्यांना नव्हे, त्या परक्या माणसाला कळू द्या.